सोबत कोण आहे?

(सांगली येथे स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



लंडनहून आल्यापासून प्रत्येकजण राणीचा वाडा कसा आहे, थंडी किती, हेच विचारते. त्यातले मी काही सांगणार नाही. तिथे मी राहिले कुठे, एवढेच सांगते. बाई रात्री राहणार कुठे, हाच तर आपल्या निम्म्या केसेसचा प्रश्न असतो.

गेल्या पावसाळ्यात एका केससाठी मला तालुक्याच्या गावी थांबावे लागले. लॉजवाल्याने रजिस्टर उघडले, माझ्यामागे कोणी आहे का पाहिले आणि विचारले, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर खोली शिल्लक नव्हती. एम.एस.डब्ल्यू. झालेली, वय पस्तीस, संस्थेचे पत्र हातात. काही उपयोग नाही. शेवटी एका अंगणवाडीताईंच्या घरी चटईवर झोपले.

लंडनला तिथल्या एका स्त्री संघटनेने दोन आठवडे काम पाहायला बोलावले होते. प्रवासखर्च त्यांचा, राहण्याची सोय माझी. व्हिसाच्या अर्जातच विचारतात, उतरणार कुठे? आईने नात्यातले एक कुटुंब शोधून काढले. त्यांनी हो म्हटले, पत्रही पाठवले. मी त्यांच्यासाठी दोन किलो बेदाणे बांधून ठेवले. निघायच्या चार दिवस आधी काकांचा फोन आला, "सासूबाई येताहेत, जागा होणार नाही." काकू फोनवर आल्याच नाहीत. मला राग काकूंचा आला होता. नंतर वाटले, त्या घरात कोणी राहायचे हे ठरवायला त्यांना कधी विचारले तरी असेल का?

मग धावपळ. फिट्झरॉय स्क्वेअरला इंडियन वाय.एम.सी.ए.चे वसतिगृह आहे. भारतीय विद्यार्थ्यांसाठी १९२० साली सुरू झालेली ही संस्था. तिथे पाच रात्री मिळाल्या. सकाळचे आणि रात्रीचे जेवण धरून खोली मिळते, त्यामुळे हिशेब सोपा. उरलेल्या रात्री शहराच्या मधल्या भागापासून लांब, एका होस्टेलात, फक्त बायकांच्या आठ खाटांच्या खोलीत काढल्या. पुढे कोणी जाणार असेल तर ध्यानात ठेवा: भुयारी रेल्वेचे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर पाहिजे, कुलूप आपले न्यायचे, आणि आगाऊ पैसे भरण्याआधी रद्द केल्यास काय मिळते ते वाचायचे.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मागितला, सही घेतली, किल्ली दिली. मी तशीच उभी. ती म्हणाली, आणखी काही हवे आहे का? मी त्या प्रश्नाची वाट पाहत होते, सोबत कोण आहे? तो आलाच नाही. त्या रात्री वरच्या खाटेवर पडून मी एकटीच हसले. पण लगेच हेही सांगते, की तिथे रोख पैसे घेत नव्हते. बँकेचे कार्ड नसेल तर दार बंद. नवऱ्याच्या जागी कार्ड.

एका रविवारी हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर २६ नंबरचे घर पाहायला गेले. साहेबांची पोरे सांभाळत बोटीने इंग्लंडला गेलेल्या आया, त्यांचे हे आश्रयगृह. मुंबई, कलकत्ता, मद्रासहून आलेल्या. काहींना मालक परतीचे तिकीट देत, काहींना बंदर येताच सोडून देत. वर्षाला शंभरावर बायका तिथे राहून जात. आयाचे परतीचे तिकीट आश्रयगृहाकडे जमा असे, आणि हिंदुस्थानला निघालेल्या एखाद्या कुटुंबाला बोटीवर आया हवी असली की ते तिकीट, आयेसकट, त्या कुटुंबाकडे जाई. म्हणजे घरी परतायचे तेही दुसऱ्याची पोरे सांभाळतच. २०२२ साली त्या घरावर निळी पाटी लागली. मी पाटीखाली बराच वेळ उभी होते. त्या आयांपैकी किती जणींची खरी नावे कुणी लिहून ठेवली असतील?

आता आपल्या कामाचे. मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांसाठी लंडनच्या चिझिक भागात १९७१ साली निवारा सुरू झाला, आणि पुढे देशभर असे निवारे उभे राहिले. पण निवाऱ्याचे भाडे भागते ते बाईला सरकारकडून मिळणाऱ्या घरभाडे-मदतीतून. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला सरकारी मदत घ्यायला मनाईच, मग तिचे भाडे कोण देणार? म्हणून दारातून परत. आपल्या मुली लग्न होऊन तिकडे जातात, त्यांची गोष्ट आहे ही. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ पासूनची संघटना याच नियमावर वर्षानुवर्षे भांडली. २०१२ साली अशा बायकांना तीन महिन्यांपुरती मदत मिळायला लागली, तीही ठरावीक व्हिसावरच्यांनाच. नोकरदार आणि विद्यार्थ्यांच्या बायकांना त्यासाठी २०२४ उजाडावे लागले. तीन महिन्यांत पुढची सोय लावायची, हे आपल्यालाही ओळखीचे आहे ना?

इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ यांनी आपल्याच जिल्ह्यात १९८० च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न उभा केला, तेव्हा मागण्या साध्या होत्या: रेशनकार्ड स्वतःच्या नावाचे आणि घरासाठी जागा. २००५ च्या कायद्याच्या कलम १७ ने बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला, घर कुणाच्याही नावावर असो. सासऱ्याच्या मालकीचे असले तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. पण आदेश हातात पडेपर्यंतच्या रात्री? मिरज स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर पोर कडेवर घेऊन बसलेल्या बाईला आपण कुठे पाठवतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. कुणाच्या तरी ओळखीने, कुणाच्या तरी घरी.

बेदाण्यांचे काय झाले, असे आई विचारत होती. आठ खाटांच्या खोलीत ते दोन दिवसांत संपले. एक पोलंडची, एक नायजेरियाची, एक केरळची परिचारिका.

तर ही वही आणली आहे. प्रत्येक तालुक्याचे एक पान. एक रात्र, दोन रात्री ज्या घरात बाईला न विचारता झोपता येईल, ते नाव आणि फोन लिहायचा. घरातल्या माणसांशी आधी बोलून मगच लिहा, काकूंसारखे नको व्हायला. पहिल्या पानावर माझे नाव आहे: सांगली, एक खोली, एक जादा गादी. वही डावीकडून फिरवते आहे.