तारेपासून कर्ण्यापर्यंत

माझी बदली चेन्नईस झाली त्याच वर्षी माझा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे राहावयास आला. त्याच्या सामानात पुस्तके बेताचीच होती. विजेची गिटार, एक जडशीळ ॲम्प्लिफायर आणि पायाने दाबावयाच्या पाचसहा पेट्या असा पसारा मात्र पुष्कळ. ह्या पेट्यांना पेडल म्हणतात. एक स्वराला खरखरीत धार आणते, दुसरी त्याची पुनरुक्ती करते, तिसरी देवळाच्या सभामंडपातला घुमारा देते.

परक्या वाद्याला ह्या प्रांतात घर मिळणे नवे नाही. बालुस्वामी दीक्षितर मद्रासेत व्हायोलिन शिकले आणि त्यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्नाटक संगीतात आणले. तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांपाशीही पाश्चात्य वाद्यवृंद होता. आपल्या काळात यू. श्रीनिवास (१९६९-२०१४) यांनी विजेचे मँडोलिन ह्या संगीतात मानाने बसविले. साध्या मँडोलिनचा नाद चटकन विरतो. गमक घ्यावयाचे तर स्वर टिकला पाहिजे, आणि ते काम वीज करते. आर. प्रसन्ना यांनी हेच संगीत गिटारवर वाजवून दाखविले. आमच्या चिरंजीवांनीही तोच ध्यास घेतला.

कर्नाटक तोडीतला गंधार एका जागी उभा राहत नाही, झुलतो. तो झोका भाच्याच्या गिटारवर येईना. स्वर निघे, पण चिखलातून चालल्यासारखा. दोन महिने त्याने रात्री जागून मेहनत केली. अखेर एके दिवशी गिटार खाटेखाली सरकवून म्हणाला, "मामा, माझ्या बोटांतच ते नाही." वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य मला फार लागले.

रिची स्ट्रीटच्या बाजारात विजेची उपकरणे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांना घरी आणले. त्यांनी गिटार ऐकण्याआधी वायरी पाहिल्या आणि हसून म्हणाले, "तम्बी, बोटे ठीक आहेत. वाट चुकली आहे."

ॲम्प्लिफायरच्या पोटात दोन दालने असतात. पहिल्यात गिटारचा क्षीण संदेश उचलला जातो, त्याला रंग आणि धार येते. दुसरे दालन केवळ बळ देऊन कर्णा हालविते. भाच्याने पुनरुक्ती व घुमारा देणाऱ्या पेट्या गिटारलगतच जोडल्या होत्या आणि धार पहिल्या दालनात, म्हणजे त्यानंतर, चढत होती. त्यामुळे आत्ताचा गंधार आणि त्याचाच क्षणापूर्वीचा झोका एकाच जात्यात भरडले जात, आणि कोणी न वाजविलेले तिसरेच स्वर त्यातून निघत. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर मसुदा दुरुस्त होण्यापूर्वीच त्याच्या प्रती निघत होत्या, आणि मग मूळ मसुदा व प्रती यांवर एकाच लेखणीने खाडाखोड चालली होती. अशा कागदाचे काय होते ते मला सांगावयास नको!

उपाय त्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच होता. तिथे 'सेंड' व 'रिटर्न' अशी दोन छिद्रे असतात. त्यांतून संदेश पहिल्या दालनाबाहेर काढून दुसऱ्यात परत घालता येतो. ह्याला लूप म्हणतात. धारेच्या पेट्या गिटारपाशी राहिल्या, प्रतिध्वनीच्या पेट्या लूपमध्ये गेल्या. (लूपमधला संदेश कधी जोरकस असतो आणि एखाद्या नाजूक पेटीला तो सोसत नाही, एवढे मात्र आधी पाहावे.)

पुढे भाच्याने लूप स्विचर घेतला. ही पेटी म्हणजे तरबेज हेडक्लार्कच. प्रत्येक पेडल आपापल्या फेऱ्यात बसते. नको असेल त्याला संदेश शिवतही नाही. एरवी लांबच लांब वायरींतून आणि निजलेल्या पेट्यांतून फिरताना स्वराची वरची चमक झडते. दोन वायरी गिटारकडच्या बाजूला, दोन पाठीमागच्या लूपला, आणि मग पायाच्या एका दाबाने दोन पेट्या बाहेर, तिसरी आत. पूर्वी हा मुलगा वाजविता वाजविता लंगडी खेळत असे.

गंधार झुलू लागला. अंगणातल्या एका छोट्या बैठकीला तो ओझे नको म्हणून फक्त गिटार व ॲम्प्लिफायर घेऊन गेला, आणि ऐन वेळी आवाज बसला. लूप रिकामा असला की दोन्ही दालने रिटर्नच्या छिद्रातल्या एका लहानशा पट्टीने जोडलेली राहतात. समुद्राच्या खाऱ्या हवेने ती गंजली होती. भाच्याने खिशातून वीतभर वायर काढली, सेंडपासून रिटर्नपर्यंत जोडली, आणि माझ्याकडे न पाहताच तोडी पुन्हा सुरू केला.