धावांची पैसेवारी

मी लोहारा तालुक्यातल्या माकणीचा. निम्न तेरणा धरणाच्या काठचं गाव. आमच्याकडे क्रिकेटच्या सरासरीआधी पोरांच्या कानावर पडते ती पिकाची पैसेवारी. प्रमाण मानलेल्या पिकाला शंभर पैसे धरायचे आणि यंदाचं पीक त्या मानानं किती, ते काढायचं. पन्नासच्या आत आलं की दुष्काळाची बोलणी सुरू. ‘एकरी चार पोती झाली’ एवढ्यावरून शेतकरी हुशार की आळशी, हे ठरत नाही. शेजारच्या रानात किती झाली, तेही विचारावं लागतं.

खेळाडूच्या आकड्यांचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये फलंदाज हजारात किती वेळा फटक्याच्या जोरावर सुखरूप टप्पा गाठतो, त्यावर त्याची सरासरी ठरते. १९३० साली बिल टेरीची सरासरी होती ४०१. १९६८ साली कार्ल यास्त्रेम्स्कीची होती अवघी ३०१, तरी आपल्या लीगमध्ये तोच पहिला! वरवर पाहिलं तर टेरी कितीतरी सरस. पण टेरीच्या लीगची त्या वर्षीची सरासरी ३०३ होती आणि यास्त्रेम्स्कीच्या लीगची २३०. आता पैसेवारी काढा. टेरीची येते १३२ पैसे, यास्त्रेम्स्कीची १३१. दोघे जवळजवळ बरोबरीचे! १९६८चं साल फलंदाजांना दुष्काळाचंच होतं. म्हणून तर पुढच्या वर्षी चेंडू फेकणाऱ्याचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. लीगची सरासरी शंभर धरून खेळाडूला मोजायची रीतही तिथे आहे. म्हणजे आपली पैसेवारीच की!

आता आपल्याकडे येऊ. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ला नऊच कमी होत्या, तेवढ्यात काठियावाडनं सामनाच सोडून दिला. त्या मोसमात पुण्याला धावांचा सुकाळ होता. पुढे मुंबई-महाराष्ट्र सामन्यात तर मिळून २३७६ धावा झाल्या. तेव्हा ४४३मधून थोडं वजा करावं लागेल, हे खरं. पण निंबाळकरांच्याच डावात कमल भांडारकरांनी २०५ केल्या होत्या. शेजारचं रान असं पिकलेलं असतानाही निंबाळकरांचं पीक त्याच्या दुपटीहून जास्त. तरीही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

आणि दुष्काळातलं पीक पाहायचं असेल, तर सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंचं पाहा. जानेवारी १९४८, अ‍ॅडलेड. भारताचा दुसरा डाव २७७ धावांत संपला. सहा फलंदाज शून्यावर गेले आणि एकट्या हजारेंच्या १४५! पहिल्या डावातही त्यांनी ११६ केल्या होत्या. भारत डावानं हरला, पण त्या रानात दाणा कुणी पिकवला, हे कळायला पंचनामा लागत नाही.

हे सगळं मला उशिरा कळलं. ३० सप्टेंबर १९९३ला आमच्या भागात भूकंप झाला. त्यानंतरच्या मार्चमध्ये माझी धाकटी बहीण पत्र्याच्या शेडमध्ये, कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून दहावीला बसली. ४८ टक्के पडले. मी नवा बी.ए. झालेलो. म्हणालो, ‘‘एवढेच?’’

अब्बा ज्वारी पाखडत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘यंदा कुणाच्या रानात काय पिकलं, ते आधी बघ. मग हिला बोल.’’

बघितलं. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरी परीक्षेलाच बसल्या नव्हत्या.

बहिणीनं पुढे शाळा सोडली. माझ्या एका शब्दापायी सोडली, असं ती कधी म्हणाली नाही. पण तो शब्द मला परतही घेता आला नाही. म्हणून, श्रोतेहो, निकालाच्या दिवसांत घरात पोरांचा आकडा कानावर आला, की तोंड उघडण्याआधी त्या सालाची पैसेवारी तेवढी काढा.