श्वासातून येणारा आजार



मार्च २०२० आपण कुणी विसरलेलो नाही. २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची स्टेशनं ओस पडली. मळ्यात भाजी तयार, पण गिऱ्हाईकापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न पडला. त्या कोरोनाचं मूळ एक विषाणू, डोळ्यांना न दिसणारा.

विषाणू म्हणजे काय? आंब्यावरचं बांडगूळ आठवा. ते दुसऱ्याच्या फांदीवर पोसतं. विषाणूही तसाच परावलंबी. शरीराबाहेर त्याची वाढ होत नाही. नाका-तोंडातून आत शिरला की आपल्याच पेशींना राबवून स्वतःच्या असंख्य प्रती काढतो. मग खोकताना, शिंकताना, नुसतं बोलतानाही तुषारांतून बाहेर पडतो. मोठे थेंब लवकर खाली पडतात, बारीक कण मात्र कोंदट खोलीत बराच वेळ तरंगतात. रोगी धडधाकट दिसत असतानाही रोग पसरू शकतो, तो असा.

हे पहिल्यांदा घडलं नाही. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेच्या वाटेनं गावोगाव गेली. त्याच साली पावसानं दगा दिला. उपाशी माणसांना तापानं गाठलं. देशात एक कोटीहून अधिक माणसं दगावली. विषाणू नवा असला की कुणाच्याच अंगात त्याच्याशी लढण्याची तयारी नसते, म्हणून साथ जगभर पसरते.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला. हा रोग माणसाला क्वचित होतो, पण आजारी पक्षी हाताळणाऱ्याला धोका असतो. मात्र २०२० साली कोंबडीमुळे कोरोना होतो अशी जी अफवा उठली, ती खोटी होती. तिनं कुक्कुटपालकांचं अतोनात नुकसान केलं.

तेव्हा एवढं करा :

१. ताप-खोकला असेल तर बाजारात, गाडीत जाऊ नका. घरात एकच खोली असली तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा, तोंडाला मास्क बांधा.

२. दम लागला, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत गेला, तर तडक दवाखाना गाठा. म्हातारी माणसं आणि गरोदर बायांच्या बाबतीत लक्षणं वाढण्याची वाट पाहू नका.

३. प्रतिजैविक गोळ्या विषाणूवर चालत नाहीत. दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका. लस कुणी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारा.

४. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर उघड्या हातांनी उचलू नका, विकू नका, उल्हास नदीत किंवा नाल्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. मांस आणि अंडी पुरती शिजवूनच खा.

आता कुणी म्हणेल, तोडलेली भाजी सुकून जाईल, घरी बसून कसं भागेल? खरं आहे. पण भातलावणीला आपण सावड करतोच ना? तशीच आजारपणातही करा. शेजाऱ्याची पाटी एक दिवस आपण न्यावी, आपली त्यानं. भाजी पुन्हा पिकते, गेलेलं माणूस परत येत नाही.

राम राम.