अत्याचारग्रस्त बालक आणि त्याचा शिक्षक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आजचा विषय आपल्या परिषदांतून सहसा निघत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाचे मन पुन्हा कसे उभे राहते आणि त्या कामी शिक्षकाचा वाटा कोणता, हा तो विषय होय. तो उच्चारण्यास संकोच वाटतो हे खरे. परंतु अपराधी मनुष्य याच संकोचाच्या आडोशाने निर्धास्त राहतो, हेही तितकेच खरे.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची त्यात विचारपूस झाली होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक उपद्रव झाल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून कमी नव्हती. आणि बहुतेकांनी ही गोष्ट कोणाजवळही बोलून दाखविली नव्हती. आपल्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठकडील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे उतरतात. मुले कधी आईबापांबरोबर जातात, कधी मागे नातलगांकडे राहतात. अशा मुलाला नित्य भेटणारा, घराबाहेरचा जाणता मनुष्य बहुधा शिक्षकच असतो.

अत्याचाराची जखम शरीरापुरती राहत नाही. झोप उडते, अभ्यासातील लक्ष जाते, मूल एकाएकी चिडते अथवा अबोल होते. यांपैकी एकही लक्षण पुरावा ठरत नाही. मात्र प्रत्येक लक्षण आपुलकीने विचारपूस करण्यास पुरेसे आहे. सर्वांत खोल रुतते ती ‘माझेच काही चुकले’ ही भावना.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बरे होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. प्रथम सुरक्षितता, नंतर घडलेल्याची आठवण काढून त्याचा शोक करणे, आणि शेवटी माणसांशी पुन्हा नाते जोडणे. पहिली पायरी पक्की होण्यापूर्वी दुसरीवर ओढून नेल्यास जखम पुन्हा उघडते. समदुःखी व्यक्तींच्या आधारगटाचा उपयोग येथे ध्यानी येतो. प्रशिक्षित समुपदेशकाच्या देखरेखीखाली अशी मंडळी एकत्र बसतात. दुसरीची हकीकत ऐकताना ‘हिचा यात काय दोष?’ असे जिला वाटते, तिला तोच न्याय हळूहळू स्वतःलाही लावता येतो. एकट्याने सोसलेली लाज अशा सोबतीत विरघळू लागते. दिल्लीची ‘राही’ ही संस्था १९९६ पासून बालपणी कुटुंबातच अत्याचार सोसलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी काम करीत आली आहे. मुंबईत २००६ साली स्थापन झालेली ‘अर्पण’ ही संस्था बालकांवरील उपचार आणि अत्याचाराचा प्रतिबंध अशी दोन्ही कामे करते. बालपणीचे दुःख बोलण्यास माणसाला प्रौढ वयाची वाट पाहावी लागते, यावरून मौनाची किंमत ओळखावी.

तथापि एक इशारा दिला पाहिजे. असा गट शाळेत भरविण्याच्या फंदात कोणी पडू नये. तेथे शिकलेला मार्गदर्शक हवा आणि कडक गुप्तता हवी. लहान गावात अशी बैठक झाल्याचे दिवस मावळण्यापूर्वी सर्वांना कळते. उपचाराचे काम तज्ज्ञांचे. शिक्षकाचे काम त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर आहे.

आधीचे काम असे. मूल बोलू लागले तर शांतपणे ऐकावे. ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझा दोष नाही,’ एवढे म्हणावे. खोदून प्रश्न विचारू नयेत, आरोपीला समोर बोलावू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत आणि पोलिसांना कळवावे. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही मदत मिळते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्यान्वये गुन्ह्याची माहिती असून न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखास ही शिक्षा एक वर्षापर्यंत व दंडासह आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील शालेय वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हेच कर्तव्य ठामपणे सांगितले. बालकाची साक्ष पोलिसांनी गणवेशाविना, त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावी. त्याची ओळख उघड होऊ नये, असेही कायदा सांगतो. बालकल्याण समिती खटल्याच्या काळात साथ देणारी व्यक्ती नेमू शकते. राज्याच्या ‘मनोधैर्य’ योजनेचे साहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. या वाटा आपण पालकांना दाखवाव्यात.

नंतरचे काम अधिक लांबचे आहे. पुष्कळदा ‘शाळेचे नाव’ राखण्यासाठी प्रकरण चार भिंतींत मिटविण्याचा आग्रह होतो. पालकांच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला ठेवला जातो, मुलीच्या लग्नाची घाई होते. अपराध एकाचा आणि शाळा सुटते दुसऱ्याची! पट हातात असलेल्या शिक्षकाने येथे निर्धाराने उभे राहावे. हजेरीत नाव तेच, बाक तोच, खेळगडी तेच राहावेत. समुपदेशनासाठी बुडालेल्या दिवसांचा धडा गाजावाजा न करता भरून द्यावा. दयेची नजरही नको, कुजबुजही नको.

माणसांवरचा उडालेला विश्वास माणसांच्याच नित्य, साध्या आणि प्रामाणिक वागण्याने परत येतो. तज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास भेटतील. आपण रोज भेटतो. आपल्या शाळेचे नाव खरोखर राखावयाचे असेल, तर त्या मुलाने उद्याही निर्भयपणे ‘हजर’ म्हणावे, अशी व्यवस्था आपण करू या.