अडीच सुताची गोटी

घरात जुनी बुलेट असेल, विहिरीवर लिस्टर धाटणीचं संथ ठोके देणारं ऑईल इंजिन असेल, किंवा आजोबांच्या वर्कशॉपात विलायती लेथ असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनी दहा मिनिटं सोसून घ्यावं.

अशा यंत्राला हात घातला की पहिली अडचण येते गोटीची. गोटी म्हणजे रॅचेटच्या टोकाला अडकवायचा सॉकेट. दुकानातून आणलेला चकचकीत सेट उघडायचा. तेराची गोटी नटावर बसत नाही. चौदाची बसते, पण डुलते. नट वर्षानुवर्षं हललेला नसतो. जोर दिला की गोटी घसरते, नटाचे कोपरे खाल्ले जातात आणि बोटांची सालं इंजिनाच्या फिन्सना लागून राहतात. यावर गॅरेजमध्ये एक युक्ती चालते. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा नट आणि गोटीच्या मधल्या फटीत सारायचा. हा नट असतो १३.३४ मिलिमीटरचा, गोटी चौदाची, फट ०.६६ मिलिमीटर. आणि हॅक्सॉचं पातं साधारण ०.६३ मिलिमीटर जाड. कागदावर हिशेब कुणी मांडला नसेल, पण युक्ती हिशेबाला उतरते. नट सुटतोही. फक्त सगळा जोर एका अंगावर आल्यामुळे त्याचे कोपरे जातात, आणि पुढच्या खेपेला त्याच्यावर दुसरा नट वेल्डिंग करूनच तो काढावा लागतो.

हे १३.३४ आलं कुठून? जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराकडून. त्या काळी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागेल याची खात्री नाही. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एकच पद्धत मांडली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि बोल्टाच्या जाडीनुसार इंचाला किती आटे ते ठरलेलं. पाव इंचाला वीस, अर्ध्या इंचाला बारा. काम मोठं होतं यात शंका नाही.

घोळ झाला तो पान्यांच्या नावांत. या पद्धतीत पान्यावर आकडा लिहितात तो बोल्टाच्या जाडीचा. पाव इंची पाना म्हणजे पाव इंच जाड बोल्टाच्या नटाचा पाना. त्याचं तोंड मात्र ०.५२५ इंचाचं, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही मोठं. पुढे १९०८ च्या सुमारास ब्रिटिशांनी बारीक आट्यांची बी.एस.एफ. पद्धत काढली. तिचे नट एक पायरी लहान. मग दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायचं म्हणून व्हिटवर्थच्या बोल्टांचीही डोकी एक पायरी खाली आणली. त्यामुळे जुन्या ब्रिटिश गोटीवर दोन-दोन मापं कोरलेली दिसतात. एका बाजूला पाव इंच, पुढे डब्ल्यू. दुसऱ्या बाजूला पाच सोळांश, पुढे बी.एस. आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या हिशेबात, जिथे इंचाचे आठ सूत होतात, तीच गोटी दोन सुताचीही आणि अडीच सुताचीही. दोन्ही बरोबर.

एवढ्यावर भागलं असतं. पण अमेरिकन पद्धतीत पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतरच लिहितात. त्याला ए.एफ. म्हणतात. विलीज जीप त्या मापाची. इंग्लंडच्या मॉरिस गाडीवरून आलेली ॲम्बॅसेडरही त्याच मापाची. दुकानदाराकडे इंची सेट मागितला की तो बिचारा हाच सेट काढून देतो आणि तुम्ही तो बुलेटसाठी घरी आणता. ए.एफ.चा अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. व्हिटवर्थचा अर्धा इंच, जुन्या मोठ्या डोक्याचा, २३.३७. मधे जवळजवळ एका बोटाचं अंतर! पैसे परत मिळाले तर नशीब.

मॉरिसवरून आठवलं, थोडं आडवळण घेतो. १९२३ साली मॉरिसने कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मिलिमीटरचे आटे पाडणारी. ती बदलण्याइतका खर्च कोण करणार? म्हणून आटे फ्रेंचच ठेवले आणि नट-बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थची केली, म्हणजे इंग्रज मेकॅनिकला आपलेच पाने चालावेत. मॉरिसच्याच घरातल्या एम.जी.च्या जुन्या टी मालिकेच्या गाड्यांत १९५०च्या दशकापर्यंत हा प्रकार होता. बोल्ट गेला की आजही मालकाचा जीव टांगणीला.

आपल्या बुलेटचं गणित त्या मानानं सोपं. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली, ती इंग्लंडमधल्या रेडिचच्या आराखड्यांवर. वजनमापांचा दशमान कायदा १९५६चा; बुलेटच्या नटांपर्यंत तो पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली. शिवाय मधल्या काळातल्या प्रत्येक मेकॅनिकने हाताला लागेल तो बोल्ट ठोकलेला असतो. तेव्हा पुस्तकावर विसंबू नका. नट तारेच्या ब्रशने साफ करा, रंग खरवडा, आणि व्हर्निअरने तिन्ही बाजूंनी मोजा.

मोजलंत की खर्च बराच कमी होतो. मोटरसायकलीवर आणि छोट्या इंजिनावर ब्रिटिश नट येतात ते मुख्यतः पाच मापांचे. त्यातलं ०.७१० इंच म्हणजे १८.०३ मिलिमीटर, तिथे चांगली अठराची गोटी बसते. ०.८२० म्हणजे २०.८३, तिथे एकवीसची चालते. या दोन्ही तुमच्या सेटमध्ये आधीच आहेत. उरली तीन मापं: ११.३०, १३.३४ आणि १५.२४. मिलिमीटरच्या नेहमीच्या सेटमध्ये यांना जोड नाही. मग एवढ्या तीनच गोट्या सुट्या घ्याव्यात, आणि चांगल्या घ्याव्यात. वीस नगांच्या पेटीवर पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

घेताना सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते हे खरं, पण ती नटाला अगदी कोपऱ्याशी धरते, आणि जुन्या नटाचे कोपरेच तर आधी झिजलेले असतात. नव्या हव्या असतील तर जपानची कोकेन आणि बर्मिंगहॅमची किंग डिक यांच्या व्हिटवर्थ गोट्या मिळतात. मागवाव्या लागतात, स्वस्त नाहीत. जुन्यात हव्या असतील तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि चोर बाजार, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. ब्रिटूल या ब्रिटिश कंपनीचं नाव कोरलेली गोटी दिसली तर उचलून तोंड उजेडाकडे धरा. आतले कोन धारदार हवेत. तोंड फाकलेलं असेल, कडेला केसासारखी चीर असेल, तर खाली ठेवा. क्रोमचे पापुद्रे सुटलेले असतील तरी नको. ते ब्लेडसारखे हात कापतात. आणि बाजाराला जाताना खिशात एक न झिजलेला नट ठेवा. विक्रेता माप काहीही सांगो, नट घालून पाहिला की वाद मिटतो.

रॅचेटची चिंता नको. मिलिमीटरच्या गोटीलाही मागचं चौकोनी भोक पाव, तीन अष्टमांश किंवा अर्ध्या इंचाचंच असतं. त्या बाबतीत इंच अजून हटलेला नाही.

नट बदलायचाच झाला तर आठ मिलिमीटरचा नट पाच सोळांश बोल्टावर चढवू नका. जाडीत फरक जेमतेम, त्यामुळे एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. पुढे रेटलात की बोल्टाचे आटे गेलेच. हार्डवेअरवाल्याला सांगा, अडीच सुती, बी.एस.एफ., इंचाला बावीस आटे. बुलेटचे सुटे भाग विकणारा असेल तर दुसऱ्यांदा विचारणार नाही.