परसातला लाल पेरू



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथी डॉक्टरानं झाडावर बोलायचं, तेही गुलमोहर-प्राजक्त सोडून पेरूवर, याचं कार्यवाहांना जरा नवल वाटलं होतं. म्हणून सुरुवात शब्दापासून करतो. म्हणजे विषय मंडळाच्या हद्दीत येईल.

पेरू देशावरून या फळाला पेरू म्हणतात असं आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं. शब्दांचा शोध घेणाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली आहे. पोर्तुगीजमध्ये नासपतीला 'पेरा' म्हणतात. हे अमेरिकेतलं फळ पोर्तुगीजांच्या हातून आपल्या किनाऱ्याला लागलं आणि आकार पाहून नासपतीचं नाव त्याला चिकटलं. गोव्यात आजही ते 'पेर' आहे. आमच्या बेळगाव-धारवाडच्या कानडीत 'पेरल' आहे. आपण मराठीत 'पेरू' केलं. गंमत पुढेच आहे. ग्वाल्हेरकडची आपली माणसं ज्याला अमरूद म्हणतात, तो शब्द फारसी, आणि फारसीत त्याचाही अर्थ नासपतीच. दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन वेगळ्या भाषांनी एकाच फळाला बघून नासपती म्हणावं, हे मला फार आवडतं. इंदूरचे जाम म्हणतात, बडोद्याचे जामफळ, हैदराबादला तेलुगू शेजारीण 'जामा' म्हणते. पाहुण्यांच्या घरी गेल्यावर 'जाम आणलेत' म्हटलं की आपली पोरं पावाला लावायचा जाम शोधतात.

तर खरी नासपती आपल्या अंगणात येत नाही. तिला कडक थंडीचे बरेच तास लागतात, ते बेळगावच्या हिवाळ्यात मिळत नाहीत. तांबड्या सालीची सुंदर नासपती हिमाचलातून पेटीत येते, ती खावी. पण नावानं नासपती असलेलं हे दुसरं झाड मात्र आपल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत, पूर्वेकडच्या काळ्या मातीत, घराच्या भिंतीला टेकून, मोरीच्या कडेला, कुठंही उभं राहतं. त्यातला जो आतून लाल निघतो, तो माझा विषय.

लाल म्हणजे दोन प्रकारचा लाल. एक सालीचा. इलाहाबादी सुरखा बाहेरून सफरचंदासारखा रंगतो, पण रात्री चांगल्या गार झाल्याशिवाय ती साल तशी चढत नाही. आपल्याकडे आणलेलं कलम पिवळसर फळ देऊन मालकाला हिरमुसलं करतं. दुसरा लाल गराचा. तो थंडीवर अवलंबून नाही, तो झाडाच्या रक्तातच असतो. टोमॅटोला जो लाल करतो तोच पदार्थ, लायकोपिन, इथंही असतो. लखनौच्या केंद्रीय संस्थेचा 'ललित' आणि बेंगळुरूच्या फळबाग संस्थेचा 'अर्का किरण' ही लाल गराची नावं रोपवाटिकेत मागावीत. हुबळी-धारवाडच्या मधल्या नवलूरचे पेरू आपण सगळ्यांनी गाडी थांबवून घेतलेले आहेत. बाजारात जो पांढऱ्या गराचा 'सरदार' जास्त दिसतो, तो आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतला. डॉ. चीमा यांनी १९२७ च्या सुमारास तो तिथं निवडला. तेव्हा त्याचं नाव लखनौ-४९ होतं.

आमच्या घरचं झाड यांतलं कुठलंच नव्हे. नाव नसलेला गावठी लाल. फळ लहान, बी भरपूर आणि वास असा, की पिकलेला एक पेरू माजघरात ठेवला तर पाहुण्याला दारातच कळावं.

आता अडचणीकडे येतो. आम्ही जैन. आमच्या काही घरांत पेरू बहुबीज म्हणून खातच नाहीत. वड, पिंपळ, उंबर वगैरे पाच उदुंबर फळं तर सगळ्यांनाच वर्ज्य. पेरूबाबत घराघरांत मतभेद आहेत आणि मी इथं शास्त्रार्थ करायला उभा नाही. पण बहुबीजापेक्षा मोठा प्रश्न आमच्या झाडानं उभा केला, तो अळ्यांचा. पावसाळ्यात पिकलेला पेरू कापला की दहातल्या सात-आठ फळांत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसायच्या. आमच्या आक्कांचा नियम कडक. "कापून, शोधून मगच तोंडाला लावायचं हं, दातानं तोडायचं न्हाई." त्यामुळं आमच्या घरातली पोरं झाडावर बसून पेरू खाण्याचं सुख शेजाऱ्यांच्या झाडावर घ्यायची. शेवटी एका चातुर्मासात आक्का म्हणाल्या, "डॉक्टर, हे झाड काढूनच टाका की. आपल्या अंगणात रोज इतके जीव जन्मतात आणि आपल्याच पायाखाली मरतात."

हा साधा प्रश्न नव्हता. गृहस्थानं त्रस जीवांची, म्हणजे हालत्याचालत्या जीवांची, जाणूनबुजून हिंसा टाळायची. झाडासारख्या स्थावर जीवांची गरजेपुरती मर्यादा ठेवायची. झाड तोडलं तर स्थावराची मोठी हिंसा. राखलं तर त्रसांची. औषध फवारलं तर सरळ संकल्पी हिंसा. शेतीखात्याकडून मिळणारा गंधसापळा, ज्यात नर माश्या वासानं ओढल्या जाऊन मरतात, तोही आम्हाला चालेना. खाली पडलेली किडकी फळं खोल पुरावीत असा सल्ला असतो, तोही त्यातलाच. आक्का ती फळं सुपात गोळा करून कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवायच्या. माशीला कुंपण कळत नाही, ती दुसऱ्या दिवशी परत.

म्हणून मी माशीकडून झाडाकडे वळलो. रोगी बघतानाही आम्हाला तेच शिकवलेलं असतं, की तक्रार केव्हा वाढते, कशानं वाढते ते आधी विचारा. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी गरात वाढते, फळाबरोबर खाली पडते आणि मातीत कोष करते. ऊब आणि ओल ही तिची सोय. पेरूला वर्षातून तीनदा फुलायची ताकद असते. फेब्रुवारी-मार्चला फुलतो तो आंबे बहार, त्याची फळं ऐन पावसात पिकतात. जून-जुलैचा मृग बहार, त्याची फळं थंडीत येतात. ऑक्टोबरचा हस्त बहार उन्हाळ्याच्या तोंडाला. आमचं झाड दरवर्षी आंबे बहारच धरायचं. का? कारण मोरीचं पाणी बारा महिने त्याच्या बुंध्याशी जात होतं! उन्हाळ्यात त्याला ताण असा कधी बसतच नव्हता. माणसाला सोयीचं म्हणून आपण मोरीकडेला पेरू लावतो आणि माशीची सोय करतो.

मोरीचं पाणी पन्हाळीनं केळीकडे वळवलं. जानेवारीनंतर झाडाला पाणी नाही. एप्रिलमध्ये पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा घरात मलाच बोलणी बसली. पेरूची फुलं नेहमी नव्या फुटीवर येतात हे लक्षात ठेवा, सगळी किल्ली तिथं आहे. मे महिन्यात फांद्यांचे शेंडे वीतभर छाटले. चुकार फुलं-कच्ची फळं त्यातच गेली. पहिला पाऊस झाल्यावर दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड दिली. मृगाच्या पावसानं नवी फूट आली, फुटीबरोबर कळी आली. फळं नोव्हेंबरअखेर उतरायला लागली ती जानेवारीपर्यंत पुरली. त्या दिवसांत माशीचा जोर कमी असतो. तरी लिंबाएवढ्या फळांना जुन्या मलमलच्या साडीच्या लहान पिशव्या शिवून बांधल्या. माशीला साल सापडलीच नाही तर ती अंडी घालणार कुठं? कुणी मारलं नाही, कुणी मेलं नाही. जन्म तेवढा आपल्या अंगणात झाला नाही. आक्कांनी यावर एकच शंका काढली, की कळ्या खुडणं हीही हिंसाच की. आहेच. पण तिचं माप आणि आधीच्या हिंसेचं माप सारखं नाही, असं मी म्हटलं. त्यांनी पटलं असं म्हटलं नाही. मात्र त्या वर्षीपासून त्या पेरू खाऊ लागल्या, कापून आणि शोधून.

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर घरी जाऊन मंडळी विचारतील. माझ्या दवाखान्यात थकवा, धाप, चक्कर घेऊन येणाऱ्या बायकांत रक्त कमी असलेल्या खूप. मी त्यांना आधी रक्त तपासायला पाठवतो. शरीरात लोह कमी असेल तर लोहच द्यावं लागतं. आमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी ती तूट भरून निघत नाही, हे मी होमिओपॅथीचा पदवीधर असून स्पष्ट सांगतो. पण शाकाहारी माणसाची एक वेगळी अडचण असते. भाजी-भाकरी-कडधान्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते पुष्कळ जास्त घेतलं जातं. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे अर्धा पेरू. मात्र तो जेवणाबरोबर हवा, चारच्या चहाबरोबर नको. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर केलेलं बरंचसं वाया जातं. आपल्या घरातल्या बायका सगळ्यांना फोडी करून देतात आणि स्वतः बियांचा मधला गोळा खातात. गेली तीस वर्षं मी हे घराघरांत बघतो आहे आणि याचा मला राग येतो. पहिली फोड तिला द्या.

मधुमेह असलेल्यांनी एक मध्यम पेरू सालीसकट, साखर-मीठ न लावता खायला हरकत नसते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, कारण पेरूत पोटॅशियम बरंच असतं. पेरूनं सर्दी होते म्हणतात. सर्दी विषाणूंनी होते आणि पेरूच्या हंगामातच थंडी असते, एवढाच त्यांचा संबंध. जुलाबावर कोवळ्या पानांचा काढा आपल्या आज्या देत. द्या, पण लेकरू सुकत असेल तर आधी मीठ-साखरेचं पाणी आणि दवाखाना.

स्वयंपाकघरात लाल पेरूचा मान कोशिंबिरीचा. बिया काढून बारीक फोडी, दही, मीठ, चिमूट साखर, वरून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी. कांदा-लसूण लागतच नाही, त्यामुळं आमच्याकडे ती सणालाही चालते. गुलाबी दही बघून नवी सून पहिल्यांदा बीट घातलंय का विचारते. बीट आमच्याकडे कंद म्हणून येत नाही, हे तिला तेव्हा कळतं. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला पेरूचा गर साखरेत आटवून वड्या करतात, तिला 'पेराद' म्हणतात. तिथंही पुन्हा नासपतीचं नाव. पणजीच्या एका स्नेह्यांनी पाठवलेली पेराद आमच्या फराळाच्या ताटात कधीच मिसळून गेली आहे. शिजवल्यावर क जीवनसत्त्व बरंचसं जातं, पण प्रत्येक घासात औषध शोधणाऱ्या माणसाला मी स्वतः जेवायला बोलावत नाही.

झाडाचं आता काय, ते सांगून थांबतो. गेल्या वर्षी आमच्या घराची वाटणी झाली. भांडण नव्हतं, तीन भावांचं घर, त्यांची सात मुलं, हे व्हायचंच होतं. परसू पुतण्याच्या वाट्याला गेलं. तिथं तीन मजली इमारत उभी राहते आहे. त्याचं बरोबर आहे, दोन मुलं शिकायची आहेत. झाड तोडायच्या आधी एक पावसाळा थांब, एवढंच मी त्याला मागितलं आणि तो थांबला.

बी लावलं तर आईसारखंच फळ येईल असा भरवसा नसतो; म्हणून गुटी बांधल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वर्षाच्या फांदीवरची इंचभर साल गोल काढायची, भोवती ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट. जुलैमध्ये पुतण्या आणि मी मिळून अकरा बांधल्या. पाच-सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसू लागल्या. आठ लागल्या. दिवाळीनंतर झाड गेलं. आक्का त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत.

आठांतलं एक माझ्या वाट्याच्या अंगणात, मोरीपासून लांब. एक पुतण्या गच्चीवरच्या मोठ्या पिंपात लावणार आहे, त्यानंच मागून घेतलं. एक इंदूरला बहिणीकडे रेल्वेनं गेलं, एक धाकट्या भावाकडे, एक पणजीच्या स्नेह्यांकडे. उरलेली तीन आज बरोबर आणली आहेत, सभागृहाच्या मागच्या पायरीवर पिशव्यांत ठेवली आहेत. ज्यांच्याकडे दोन फूट खोल खड्डा काढण्याएवढी जागा आहे त्यांनी न्यावीत. पाऊस चांगला लागेपर्यंत पिशवीतच, सावलीत ठेवा. पाणी मी सकाळी घातलेलं आहे, आता उद्या संध्याकाळीच घाला.