कचरा उचलला म्हणजे जागा साफ झाली का?

(पाड्यावरच्या बैठकीत झालेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



खालच्या माळावर रसायनाचा कारखाना येणार, अशी बोलवा आहे. कुणी म्हणतं रोजगार मिळेल. कुणी म्हणतं, घाण झालीच तर सरकार साफ करील. या साफ करण्याबद्दलच आज बोलायचं आहे. त्यासाठी भोपाळची हकीकत सांगतो.

भोपाळला युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना होता. 1984 सालच्या 2 डिसेंबरच्या रात्री तिथून विषारी वायू सुटला, हजारो माणसं मेली. हे आपण ऐकून आहोत. पण त्याच्या कितीतरी आधीपासून विष जमिनीत जात होतं. खराब माल, टाकाऊ रसायनं आवारातच टाकायचे. 1977 पासून विषारी सांडपाणी बाहेर तळी करून त्यात सोडायचे, उन्हात आटवायला. तळ्यांच्या तळाला प्लास्टिक अंथरलं होतं, तरी ती गळली. विष मुरत मुरत वस्त्यांच्या हातपंपांत उतरलं.

वायू सुटल्यावर कारखाना बंद पडला. 1998 साली ती जमीन राज्य सरकारकडे परत आली, विषासकट. 2001 साली डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली, आणि डाऊ म्हणते, ही जबाबदारी आमची नाही. वस्त्यांना शुद्ध पाणी द्या, हा सुप्रीम कोर्टाचा हुकूम 2004 साली निघाला. मधली वीस वर्षं लोक काय प्यायले असतील?

2005 साली आवारातला थोडा कचरा गोळा करून शेडमध्ये ठेवला. आता तो न्यायचा कुठे? गुजरातेत अंकलेश्वरला न्यायचं म्हणाले, गुजरातने नको म्हटलं. 2011 साली नागपूरजवळच्या संरक्षण खात्याच्या भट्टीचं नाव निघालं, आपल्याकडे विरोध झाला. 2012 साली जर्मनीला न्यायचं ठरत होतं, तिथल्या लोकांनीही नको म्हटलं. शेवटी गेला कुठे? धार जिल्ह्यात, पिथमपूरला. धार म्हणजे भिल-भिलाल्यांचा मुलूख.

2025 च्या 1 जानेवारीला रात्री बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात निघाले. 337 टन कचरा, अडीचशे किलोमीटर. 3 तारखेला पिथमपूर बंद झालं, लोक रस्त्यावर उतरले. तरी कोर्टाच्या देखरेखीखाली जूनअखेर सगळा जाळला. आता जाळलं म्हणजे संपलं का? चुलीत लाकूड घातलं तर राख थोडी उरते. इथे भट्टीत चुना वगैरे घालावा लागतो, म्हणून राख मूळ कचऱ्याहूनही जास्त झाली. ती राख पुरायची कुठे, हा प्रश्न पिथमपूरच्या गावांपुढे उभा राहिला.

आणि भोपाळला मागे काय राहिलं? सरकारी संस्थांनीच 2010 मध्ये हिशेब केला, की विष मुरलेली माती 11 लाख टन आहे. म्हणजे एक टोपली उचलली, तर तीन हजारांवर टोपल्या तिथेच आहेत. शेडमधलं पोतं उचलता येतं, पण मातीत आणि झऱ्यात गेलेलं कोण उचलणार?

म्हणून विचारायचं ते आधी. उद्या साहेब आले की ग्रामसभेत तीन प्रश्न उभे करा. इथे काय बनणार आणि टाकाऊ काय निघणार? ते रोज कुठे जाणार, कोणत्या गावाच्या शिवारात? कारखाना बंद पडला, कंपनी विकली गेली, तर जमीन साफ करायचा पैसा कोण देणार, आणि तो आजच कुठे जमा ठेवणार?

तोंडी उत्तर घेऊ नका. ठरावात लिहून घ्या, सह्या-अंगठे करा, नक्कल मागा. 1996 च्या पेसा कायद्याने जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागतं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने आपले झरे, ओढे, पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरला नाही तर कागदावरच राहील.

आणखी एक. उत्तर आलं की "कचरा लांब नेऊ", तर विचारा, लांब म्हणजे कुणाच्या दारात? आपल्याला नको ते दुसऱ्या पाड्यालाही नको.

येत्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून बाई आणि माणूस, दोघांनीही यायचं. पाणी भरणारी बाई गप्प बसली तर ठराव अर्धाच राहतो.

जिंदाबाद!